लातूरकडून सांगली-मिरजेत काचसफाईच्या धंद्यात येताय? गाडी घेण्याआधी हे वाचा

आपल्या लातूर-औशाकडची पोरं मिरजेत उतरली की कुणी हॉटेलात लागतं, कुणी कुपवाडच्या एमआयडीसीत, आणि दोन-चार जण माझ्यासारखी काचसफाईत येतात. वर्षभर दुसऱ्याच्या हाताखाली काढलं, वायपर हातात नीट बसला, की फोन येतो: दादा, स्वतःचं सुरू करतोय, गाडी कुठली घेऊ? फोनवर तेच तेच सांगून घसा बसला, म्हणून एकदाच लिहून ठेवतो.

पहिलं म्हणजे लगेच गाडी घेऊ नका. दोन बादल्या, मॉप, वायपर, स्क्रॅपर आणि छोटी घोडा-शिडी एवढ्यावर मारुती चौकातली किंवा विश्रामबागची दुकानं होतात, आणि एवढं सामान मोटारसायकलवर जातं. मोठं काम आलं की त्या दिवसापुरता छोटा हत्ती भाड्याने सांगायचा. महिन्याचं भाडं हप्त्याच्या जवळ जायला लागलं की मग शोरूमची पायरी चढा. कामं हातात नसताना हप्ता डोक्यावर घेतलेला माणूस पडेल त्या दराला काम धरतो, आणि त्यात सगळ्यांचाच दर पडतो.

आता गाडी. लोक इंजिन विचारतात, ॲव्हरेज विचारतात, रंग विचारतात. आपल्या धंद्यात गाडी पाण्यावर निवडायची.

आपल्याकडच्या माणसाला वाटतं, इथे पाण्याला काय तोटा? खरंच आहे. २०१६ च्या एप्रिलात लातूरला रेल्वेने पाणी आलं ते याच मिरजेतून. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. पण काचेला कुठलंही पाणी चालत नाही. बऱ्याच इमारतींना, कारखान्यांना वापरायचं पाणी बोअरचं असतं. त्यात क्षार असतात, आणि ते काचेवर वाळलं की पांढरे ठिपके उठतात. वायपरने पाणी ओढून काढलं तर निभावतं. पण तिसऱ्या मजल्याची काच खालूनच लांब पोलच्या ब्रशने धुवायची आणि तशीच वाळू द्यायची, तर पाण्याचा टीडीएस, म्हणजे त्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, दहाच्या आत हवा. असं पाणी नळाला येत नाही. आरओ आणि त्यापुढे डीआय फिल्टर (उरलेसुरले क्षार काढणारा) लावून ते घरी तयार करायचं आणि गाडीत भरून न्यायचं. टीडीएस मीटर पेनाएवढा असतो, दोन-चारशे रुपयांत येतो. तो खिशात ठेवा आणि गिऱ्हाइकाच्या नळाखाली धरल्याशिवाय दर बोलू नका.

हिशेब सोपा आहे. पोलला मिनिटाला दीड-दोन लिटर पाणी लागतं. चार तास पाणी चालू राहिलं तर साडेतीनशे ते पावणेपाचशे लिटर. एक लिटर म्हणजे एक किलो. त्यावर टाकी, अँगलची फ्रेम, पंप, बॅटरी, पाइपचं रीळ, शिड्या धरा. पाचशे लिटरची टाकी बसवली की हौद्यात सहाशे किलोच्या वर बोजा झाला, आणि तोही रोजचा. पंप बारा व्होल्टचा घ्या आणि त्याला स्वतंत्र बॅटरी द्या. गाडीच्याच बॅटरीवर चालवलात तर संध्याकाळी गिऱ्हाइकाच्या दारात धक्का मारायला माणसं शोधावी लागतील.

अजून एक गोष्ट शोरूमवाला सांगत नाही. पूर्ण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी भरलेली टाकी जास्त वाईट. वळणावर, ब्रेकवर पाणी हिंदकळतं आणि गाडीला आपल्याबरोबर ओढतं. म्हणून पाचशेची एक उभी टाकी बसवू नका. दीडशे-दोनशेच्या दोन-तीन आडव्या टाक्या केबिनला टेकवून, पट्ट्यांनी आवळून बसवा आणि एक पूर्ण संपल्यावर दुसरी उघडा. पाचगणी-महाबळेश्वरच्या हॉटेलांची कामं उन्हाळी हंगामाआधी निघतात, पैसेही बरे मिळतात, पण वाईहून पसरणी घाट चढायचा असतो. तिथे पाणी वर नेऊ नका, फिल्टर वर न्या आणि हॉटेलच्याच नळावर टाकी भरा. घाट उतरतानाही टाक्या रिकाम्या.

एवढं डोक्यात ठेवून मग गाड्या बघा. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ पासून रस्त्यावर आहे. तिचा मिस्त्री तासगावलाही मिळतो आणि जतलाही. साडेसातशे किलो माल वाहणाऱ्या मॉडेलमध्ये मी तीनशे लिटरवर थांबायला सांगेन. पाचशे बसतात, पण मग गाडी रोज काठावर चालते आणि पाटे, टायर लवकर जातात. २०२५ मध्ये आलेली एस प्रोही साडेसातशेचीच, आणि पेट्रोलची सुरुवातीची किंमत चार लाखांच्या आत होती. एकट्या माणसाच्या धंद्याला ती पुष्कळ झाली. मारुती सुपर कॅरी पेट्रोलमध्ये ७४० किलो ओढते, इंजिनात दम जास्त आहे. पण सीएनजी घेतली तर सिलिंडरच्या वजनामुळे पेलोड, म्हणजे माल वाहायची ताकद, ६२५ वर येतो. सीएनजीचा स्वस्तपणा सगळे सांगतात, ते एकशे पंधरा किलो पाणी कमी झालं हे कुणी सांगत नाही. गणपती पेठेत, सराफ कट्ट्याच्या बाजूला काम असेल तर या दोनच गाड्या सुखाने वळतात, त्याही दुकानं उघडायच्या आत.

बोलेरो पिकअप, दोस्त, इंट्रा या टन-सव्वा टनाच्या पुढच्या गाड्या कारखान्यांची, मिरजेतल्या मोठ्या हॉस्पिटलांची वर्षाची कंत्राटं असतील तरच. ताकद भरपूर, पण रिकामी फिरवली तर डिझेल खाते आणि गल्लीत अडते. हायलक्स, व्ही-क्रॉस बघायला छान आहेत. पंचवीस-तीस लाखांच्या गाडीच्या हौद्यात चिखलाचा मॉप टाकायला तुमचा जीव होणार नाही, तेव्हा तो विषय सोडा.

माणसांचं काय, हा प्रश्न पोरं शेवटी विचारतात. तो आधी विचारायला हवा. छोट्या हत्तीच्या केबिनमध्ये ड्रायव्हर आणि एक जण. तिसरा, चौथा हौद्यात टाकीवर बसतो. हे इथे रोज दिसतं म्हणून ते कायदेशीर होत नाही. मालवाहू गाडीच्या हौद्यात बसलेल्या माणसाला काही झालं तर विमा कंपनी हात वर करते आणि त्याच्या घरी तोंड दाखवायला तुम्हालाच जावं लागतं. चार जणांची टोळी कायम असेल तर डबल केबिनची बोलेरो कॅम्पर बघा; पाच माणसं आत आणि मागे सामानाला हौदा. नाहीतर छोटी गाडी आणि सोबत एक मोटारसायकल. माझं मत दुसऱ्या मार्गाचं आहे, कारण एक काम लवकर संपलं तर दोघं जण पुढच्या कामाला निघू शकतात.

शिडी. वीस फुटी सरकती शिडी मिटली तरी अकरा-बारा फूट भरते आणि छोट्या हत्तीचा हौदा सात फुटांच्या आसपास. ती तिरकी टाकून, मागे लाल फडकं बांधून फिरणारे खूप आहेत. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्यात हद्दीबाहेर माल काढण्याला २० हजारांचा दंड आहे. केबिनच्या वरून मागच्या फळक्यापर्यंत जाणारी पाइपची फ्रेम करून घ्या. छोट्या हत्तीची पूर्ण लांबी साडेबारा फुटांच्या जवळपास असल्याने मिटलेली शिडी तिच्यावर बरोबर मावते. फ्रेम बोल्टने बसवा, चॅसीला वेल्डिंग लावू देऊ नका. शिडीखाली रबराचे तुकडे घाला, नाहीतर सांगली-इस्लामपूर रस्त्याभर ती खडखडत येते आणि ॲल्युमिनियमला खाचा पडतात.

जुनी गाडी घेणार असाल तर हा भाग दोनदा वाचा. सांगलीत २००५, २०१९ आणि २०२१ ला महापूर आला. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाजवळ कृष्णेची पातळी ५७ फुटांच्या वर गेली होती, धोक्याची पातळी ४५ असताना. त्या पाण्यात बुडालेल्या गाड्या धुऊन, रंग मारून बाजारात येतातच. बाहेरून काही कळत नाही. सीटचे बोल्ट खालून बघा, गंज चढलेला असतो. पायाखालचं मॅट उचला, कोपऱ्यात बोट फिरवा. पुराचा गाळ पिठासारखा बारीक असतो आणि कितीही धुतला तरी सांध्यात राहतो. फ्यूज बॉक्स उघडा, हेडलाइटच्या आत पाण्याची रेघ आहे का बघा. मालक म्हणेल गाडी तेव्हा मिरजेत होती. असेल. विम्याचे जुने कागद आणि सर्व्हिसिंगच्या पावत्या मागा, आणि तो काय बोलतो यापेक्षा किती वेळ लावतो ते बघा.

कागदांचं थोडक्यात. तीनचाकी-चारचाकी जी काही गाडी धंद्याला लावाल ती पिवळ्या पाटीवर. गाडी आणि माल मिळून एकूण वजन ३००० किलोच्या आत असेल तर मालवाहतुकीचं परमिट लागत नाही. छोट्या गाड्या त्यात बसतात, बोलेरो पिकअपची मोठी मॉडेलं बसत नाहीत, म्हणून आरसीवरचा आकडा वाचा. साडेसात टनांच्या आतल्या मालवाहू गाडीला साधं एलएमव्ही, म्हणजे हलक्या मोटारीचं, लायसन्स पुरतं. नोव्हेंबर २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हे पक्कं केलंय. फिटनेस आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, नंतर दरवर्षी. जुन्या गाडीवर बँकेचा बोजा उतरलाय का आणि ई-चलन थकलंय का, हे पैसे देण्याआधी बघा. गावाकडून एमएच-२४ ची गाडी आणलीत तर नंबर बदलायची गरज नाही, फक्त पत्ता बदलून घ्या. सप्टेंबर २०२५ पासून मालवाहू गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्के झालाय, तेव्हा जुनीचा भाव त्याआधीच्या नव्याच्या किमतीवर कुणी सांगत असेल तर उठून या. कर्जाला मुद्रा योजना आहे. कोटेशन आणि हातातल्या कामांच्या वर्क ऑर्डर घेऊन बँकेत जा.

खोली बघताना गाडीची जागा आधी बघा. गावभागात भाडं जमत असलं तरी पावसाळ्यात गाडी कुठे नेणार ते ठरवून ठेवा. कोयनेतून विसर्ग वाढवल्याची बातमी आली आणि आयर्विनला ४० फुटांची इशारा पातळी जवळ आली की त्याच दिवशी गाडी कुपवाडला किंवा मिरजेच्या उंच भागात ओळखीच्याकडे लावा. तिथे एखादी ओळख आत्ताच करून ठेवा, त्या दिवशी सगळेच जागा शोधत असतात.

गाळपाच्या दिवसांचंही सांगतो. कारखाने सुरू झाले की धुराड्यातली काळी राख आजूबाजूच्या काचांवर बसते. ती कोरड्या फडक्याने पुसलीत तर काचेवर ओरखडे जातात, आणि काच बदलून द्यायची वेळ आली तर महिन्याची कमाई गेली. आधी भरपूर पाणी मारून राख वाहून जाऊ द्या, मग मॉप. म्हणजे या चार महिन्यांत टाकी नेहमीपेक्षा लवकर संपते आणि रस्त्यात उसाचे ट्रॅक्टर दोन-दोन ट्रॉल्या जोडून चाललेले असतात. पहाटे निघा, आणि एका दिवसात सांगलीचं एक आणि पलूसचं एक अशी दोन कामं धरू नका.

नाव घालायचं तर गाडीच्या मागच्या फळक्यावर घाला, बाजूला नको. शंभर फुटी रस्त्यावर मागे अडकलेला माणूस तेच वाचतो. ‘काचसफाई’ आणि मोबाइल नंबर, बस. देवाचं नाव केबिनवर पुढे.