परदेशी भावात गेम घेताय? या चुका टाळा

दर सेलला भाच्याचा मेसेज ठरलेला असतो : “मामा, तुर्कस्तानात हाच गेम फुकटात पडल्यासारखा मिळतो म्हणे. व्हीपीएन लावू का?” (म्हणजे इंटरनेटवर आपण दुसऱ्याच देशात आहोत असं दाखवणारं साधन.) अरे बाबा, ते दुकान कधीच बंद झालं. २० नोव्हेंबर २०२३ पासून स्टीमनं, म्हणजे कॉम्प्युटर गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानानं, तुर्कस्तान आणि अर्जेंटिना या दोन्ही ठिकाणी लिरा-पेसो काढून डॉलरमध्ये भाव लावले. तिथली चलनं इतकी घसरत होती की प्रकाशकांना किंमत ठरवणंच अवघड झालं होतं. तरीही जुने ‘ट्रिक’वाले व्हिडिओ फिरतातच.

आणि नुसतं व्हीपीएन लावून भाव बदलतही नाही. स्टीमवर देश बदलायचा तर त्या देशातलं कार्ड किंवा पेमेंटचं साधन लागतं, आणि एकदा बदललं की तीन महिने परत बदलता येत नाही. खोटं ठिकाण दाखवणं करारात स्पष्ट मना आहे. शे-दोनशे वाचवायला दहा वर्षांत विकत घेतलेल्या गेमची लायब्ररी पणाला कशाला लावायची?

मग लोक वळतात ते कोणाकडून तरी ‘की’, म्हणजे खात्यात टाकला की गेम मिळतो असा कोड, विकत घ्यायला. पैसे देण्याआधी त्या पानावर विभाग कुठला लिहिलाय, म्हणजे ती की कुठल्या देशांत चालते, ते वाचा. दुसऱ्या विभागाची की आपल्याकडे टाकली तर चालणार नाही असा संदेश येतो, आणि की एकदा उघडून पाहिली की विकणारा सहसा हात वर करतो. युरोपीय आयोगानं जानेवारी २०२१ मध्ये अशाच ठरावीक देशांपुरत्या कुलूपबंद कीसाठी स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हला आणि पाच प्रकाशकांना मिळून ७८ लाख युरोंचा दंड केला होता खरा. पण तो युरोपच्या सामायिक बाजारपेठेपुरता. आपण त्याचा दाखला देऊन भांडू शकत नाही.

खरी चूक दिसली ती हाच भाचा जर्मनीला शिकायला निघाला तेव्हा. जायच्या आदल्या आठवड्यात त्यानं स्टीमच्या वॉलेटमध्ये (खात्यातल्या आगाऊ पैशांच्या पाकिटात) २,००० रुपये भरले, “तिकडे जाऊन निवांत घेईन” म्हणून. तिकडे देश बदलला आणि त्या रकमेचे झाले वीसेक युरो. इथे तेवढ्यात दोन चांगले गेम आले असते, तिथे एक नवा गेमही येईना. विकत घेतलेले गेम तुमच्याबरोबर येतात, रुपयांतला भाव येत नाही. म्हणून निघण्याआधी यादीतलं हवं ते घेऊन टाका, वॉलेट रिकामं करून जा.

त्यानंतर त्याला इथून गेम गिफ्ट करायचा प्रयत्न केला, तोही फसला. दोन देशांतल्या भावात फार तफावत असेल तर स्टीम गिफ्ट जाऊच देत नाही. त्यात तुमच्या खात्याचा काही दोष नसतो, उगाच चार वेळा कार्ड घासू नका. त्यापेक्षा डिजिटल गिफ्ट कार्ड पाठवा. समोरचा किमान तीन दिवस मित्रयादीत हवा.

कन्सोलवाल्यांनी तर आधीच सावध व्हावं. प्लेस्टेशनवर खातं उघडताना निवडलेला देश नंतर बदलत नाही. डिस्क एका विभागाची आणि डीएलसी (गेमचा वेगळा विकत मिळणारा जादा भाग) दुसऱ्या विभागाच्या खात्यातून घेतलं तर डाउनलोड होतं, पण गेम त्याला ओळख दाखवत नाही. (हे मी स्वतः पैसे घालवून शिकलोय.) निन्टेंडो या दुसऱ्या कन्सोल कंपनीच्या जपानी ईशॉपनं (ऑनलाइन दुकानानं) २५ मार्च २०२५ पासून परदेशी क्रेडिट कार्डं घेणं बंद केलंय, म्हणजे तीही वाट बंद.

भावांची तुलना करताना अमेरिकेचा आकडा तसाच धरू नका, तिथे अनेक राज्यांत पैसे भरताना वर कर लागतो. आणि डॉलरमध्ये घेतलंत तर तुमची बँक परकीय चलनाचं शुल्क लावते, त्यावर पुन्हा जीएसटी. कार्ड नाकारलं जात असेल तर आधी बँकेच्या अ‍ॅपमध्ये ‘आंतरराष्ट्रीय व्यवहार’ चालू आहे का बघा. २०२० पासून नव्या कार्डांवर तो आपण स्वतः चालू करावा लागतो. गेम घेऊन झाला की पुन्हा बंद करून ठेवा.