गावातलं बीपी-शुगरचं शिबिर: तारीख एक नव्हे, चार घ्यायच्या

मेडिकल कॉलेजच्या सामुदायिक वैद्यकशास्त्र किंवा फॅमिली मेडिसिन विभागात पाऊल टाकलं की पहिल्या महिन्यातच गावचं शिबिर अंगावर पडतं. मंडप, खुर्च्या, चहा हे सगळं गावकरी एका दिवसात उभं करतात. पण ज्याचं बीपी १६० निघालं, त्याला महिन्यानं परत त्याच खुर्चीत आणणं मंडपाच्या हातात नसतं. म्हणून सरपंचांकडून एकच तारीख घेऊन येऊ नका. चार आठवड्यांच्या अंतरानं चार तारखा घ्या आणि त्या पहिल्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहून टाका. दुसऱ्या तारखेला कोण परत यायला हवं, हे डोळ्यांसमोर ठेवूनच पहिल्या दिवसाची आखणी करायची.

कुणाच्या तरी वाढदिवसानिमित्त शिबिर मागायला आले तर त्यांनाही हीच अट घाला. निम्मे उत्साही तिथंच गळतात.

दिवस, वेळ, जागा

अंतर २८ दिवसांचं ठेवा, म्हणजे वार तोच राहतो आणि लोकांच्या ध्यानात बसतो. आठवडी बाजाराचा वार मिळाला तर फारच छान. वाड्यावस्त्यांवरची माणसं त्या दिवशी गावात उतरतातच. गोळ्या मात्र ३० द्यायच्या, म्हणजे एक-दोन दिवस मागंपुढं झालं तरी खंड पडत नाही.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या करवीर, कागल, हातकणंगले, शिरोळ या ऊसपट्ट्यात हंगाम सुरू झाला की सकाळी अकराला गावात फक्त म्हातारी माणसं सापडतात. चाळिशीतला माणूस हवा असेल तर सकाळी साडेसहा ते साडेनऊ ही वेळ धरा. किटली घेऊन घरटी एक जण दूध संस्थेत येतोच. टेबल मात्र संस्थेच्या दारात नको, शेजारच्या समाजमंदिरात किंवा तालमीत मांडा. दारात गलका असतो, माणूस उभ्याउभ्याच हात पुढं करतो आणि आकडा चुकतो. याच वेळी उपाशीपोटीची शुगरही उरकते. फक्त "चहा झाला का?" हे वेगळं विचारा. चहाला कुणी खाण्यात धरत नाही.

बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळ्यांसाठी संध्याकाळी खोप्यांवरच जावं लागतं. हंगाम संपला की ही माणसं जातात. त्यामुळे त्यांच्या हातातल्या कार्डावर आजार, गोळीचं नाव आणि डोस मराठीत, वाचता येईल अशा अक्षरात हवा. नुसतं "गोळी चालू" लिहिलेलं कार्ड तिकडच्या डॉक्टरांच्या काही उपयोगाचं नाही.

आता किती जण होतील ते बघू. दोन वेळा बीपी मोजणं, मधला एक मिनिट आणि नोंद धरून एका माणसाला पाच मिनिटं लागतात. दोन टेबलं, तीन तास म्हणजे जास्तीत जास्त ७२ माणसं. त्यातली ६० नीट होतात. ५,००० वस्तीच्या उपकेंद्रात तिशीपुढचे साधारण ३७ टक्के, म्हणजे १,८५० लोक धरले जातात. एका दिवसात २०० जणांची तपासणी झाल्याची बातमी वाचलीत, तर ती कशी झाली असेल ते ओळखा. गर्दी टाळायची असेल तर आशाताईंना आधी गल्लीवार याद्या करायला सांगा. तिशीपुढच्यांचा सी-बॅक फॉर्म (आजाराचा धोका गुणांत मोजणारा) त्या भरतातच. त्यात ज्यांचे गुण ४ च्या वर आहेत त्यांना पहिल्या तारखेला बोलवा.

बीपी: सगळ्यात जास्त चुका इथंच

मशीन दंडावर बांधायचं डिजिटल घ्या, मनगटाचं नको. टेबल तितकी मशीनं आणि एक जादा, शिवाय सेल. निघायच्या आधी विभागातल्या एकाच माणसावर सगळी मशीनं लावून बघा. एखादं मशीन इतरांपेक्षा सतत ५ मिमीपेक्षा जास्त फरक दाखवत असेल तर ते घरी ठेवा.

पट्टा हा खरा घोटाळा. पट्ट्यातल्या फुग्याची लांबी दंडाच्या घेराच्या ८० टक्के हवी. बहुतेक मशीनबरोबर मध्यम पट्टाच येतो. तालमीतला गडी किंवा अंगानं भरलेली मावशी समोर बसली आणि तोच पट्टा ओढूनताणून बांधला, तर बीपी खोटंच जास्त येतं. मोठा पट्टा वेगळा मागवावा लागतो. तो न मागवता शिबिर घेऊ नका. दंडाचा घेर टेपनं मोजून कार्डावर एकदा लिहून ठेवला की दर वेळी वाद नको.

माणूस आल्यापासूनचा क्रम असा. लघवीला जाऊन यायला सांगा. अर्ध्या तासात चहा, विडी, तंबाखू, मशेरी झाली असेल तर शेवटी बोलवा. बायकांना "तंबाखू खाता का?" विचारलंत तर "न्हाई" येतं, "मशेरी लावता का?" विचारलंत तर बहुतेक वेळा खरं उत्तर मिळतं. मग पाठ टेकून, पावलं जमिनीवर सपाट ठेवून, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं बसवा. ही पाच मिनिटं रांगेतल्या खुर्च्यांवरच जातात, त्यासाठी वेगळा वेळ लागत नाही. हात टेबलावर, दंड हृदयाच्या पातळीला. टेबल बुटकं असेल तर हाताखाली वही नाहीतर उशी. पट्टा उघड्या दंडावर, कोपराच्या खोबणीपासून दोन-तीन सेंटिमीटर वर. बाही वर सरकवून दंडाला करकोचा पडत असेल तर हात बाहीतून बाहेर काढायला सांगा. त्यासाठी एका टेबलाला पडदा लागतोच.

मोजताना गप्प बसायचं, तुम्हीही आणि त्यांनीही. "काय मामा, ऊस गेला का?" हे नंतर. ऊस, बिल आणि कारखाना हे विषय मशीन फुगलेलं असताना काढले तर वरचा आकडा चढलाच म्हणून समजा. एका मिनिटानं दुसऱ्यांदा मोजा, दोन्ही आकडे लिहा, सरासरी धरा. १३७ असताना १४० आणि १४३ असताना १४० लिहायची सवय इंटर्नना फार लवकर लागते. मशीन जे दाखवतं तेच लिहायचं.

आकडा मोठ्यानं वाचू नका. मागच्या रांगेत शेजारीण असते.

शुगर

कोल्हापुरी गूळ सगळीकडे जातो, तसा तो बोटांवरून ग्लुकोमीटरमध्येही जातो. गुऱ्हाळावरून आलेल्या माणसाच्या बोटाला काकवीचा अंश राहिला की चांगल्या माणसाची शुगर ३०० दिसते. स्पिरिटच्या बोळ्यानं तो नीट निघत नाही. साबण-पाण्यानं हात धुऊन, पुसून, पूर्ण कोरडे करून मगच टोचायचं. म्हणून बादली, तांब्या आणि साबण हे शिबिराचं सामान आहे. स्पिरिट वापरलंच तर ते वाळू द्या. बोटाच्या शेंड्यावर मधोमध टोचलं की जास्त दुखतं, बाजूला टोचा. पहिला थेंब कोरड्या कापसानं पुसून दुसरा घ्या, बोट पिळू नका.

ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांची डबी लगेच बंद करा. पावसाळ्यात राधानगरी, गगनबावड्याकडच्या दमट हवेत उघडी राहिलेली डबी बिघडते. डबी फोडल्याची तारीख पेनानं झाकणावर लिहा, कारण फोडल्यानंतरची मुदत छापील मुदतीपेक्षा कमी असते. लॅन्सेट (टोचायची सुई) दर माणसाला नवं, वापरून झालं की पांढऱ्या, न टोचणाऱ्या डब्यात; रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. दोन्ही परत आणायचं, गावच्या उकिरड्यावर टाकायचं नाही.

कुणाला कुठं धाडायचं

१४०/९० किंवा जास्त एकदा आलं म्हणजे आजार ठरत नाही. वेगळ्या एखाद्या दिवशी उपकेंद्रात पुन्हा मोजून ठरवा. १६०/१०० च्या पुढं असेल तर ही दुसरी मोजणी आठवड्याच्या आत. १८०/११० किंवा जास्त असेल तर त्याच दिवशी वैद्यकीय अधिकाऱ्यांसमोर. त्याच्या जोडीला छातीत दुखणं, धाप, एका बाजूला अशक्तपणा, बोलणं अडखळणं यातलं काही असेल तर १०८ ला फोन, चर्चा नको. गरोदर बाईचं १४०/९० आलं तरी त्याच दिवशी दाखवायचं.

केव्हाही घेतलेली शुगर १४० च्या पुढं असेल तर उपाशीपोटी आणि जेवणानंतरची तपासणी. उपाशीपोटी १२६ किंवा जास्त, नाहीतर दोन तासांनी २०० किंवा जास्त म्हणजे मधुमेह. लक्षणं नसतील तर दुसऱ्यांदा खात्री करा. ७० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून द्या, १५ मिनिटांनी पुन्हा बघा.

सगळ्यांना सीपीआरला (कोल्हापूरच्या छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात) पाठवायची सवय वाईट. गगनबावड्याहून कोल्हापूर पन्नासेक किलोमीटर. मजुराचा दिवस जातो आणि दुसऱ्यांदा तो जात नाही. आधी उपकेंद्र, मग प्राथमिक आरोग्य केंद्र. सीपीआर खरंच गरज असलेल्यांसाठी, आणि तेही चिठ्ठीवर कशासाठी पाठवलं हे लिहून.

कार्डांचा डबा

रजिस्टर असतंच, पण रजिस्टर चाळून कोण आलं नाही ते कळत नाही. बुटांच्या खोक्याएवढा डबा घ्या. त्यात पुढच्या चार तारखांचे चार पुठ्ठे आणि मागं एक "चुकले" असा पुठ्ठा. प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड केंद्रातच राहतं, दुसरं त्याच्या हातात. माणूस येऊन गेला की त्याचं कार्ड पुढच्या तारखेच्या पुठ्ठ्यामागं सरकतं. दिवस संपल्यावर आजच्या पुठ्ठ्यामागं जी कार्डं उरली तीच न आलेली माणसं. मोजणी नाही, कॉम्प्युटर नाही, वीज गेली तरी चालतं. सरकारी ॲपमध्ये नोंद करायची असतेच, ती वेगळी करा.

कार्डावर नाव लिहिताना अर्धं गाव पाटील असतं हे विसरू नका. वस्ती, घराची खूण, गावात हाक मारतात ते नाव, आणि फोन नंबर कुणाचा आहे तेही लिहा. नंबर बहुतेक वेळा मुलाचा असतो आणि मुलगा पुण्याला.

न आलेल्यांना तीन दिवसांत फोन, आठवड्यात आशाताईंची भेट, पुढच्या तारखेलाही नाही आले तर डॉक्टरांनी स्वतः घरी जायचं. का आले नाहीत ते कार्डावर एका शब्दात लिहा, कारण प्रत्येकावर इलाज वेगळा. "बरं वाटतंय" म्हणून सोडलेल्याशी बोलावं लागतं. अम्लोडिपिन या बीपीच्या गोळीनं घोट्याला सूज आली म्हणून सोडलेल्याची गोळी बदलावी लागते. त्याला समजावत बसून उपयोग नाही. केंद्रातच गोळ्या संपल्या होत्या असं उत्तर आलं तर चूक आपल्याकडची.

"गोळी रोज घेता का?" याला कुणीही "व्हय की" म्हणणारच. "गेल्या आठवड्यात किती दिस चुकली?" असं विचारा आणि पाकीट बघायला मागा.

मिठाचं बोलणं सल्ल्यानं होत नाही, हिशेबानं होतं. माणशी दिवसाला ५ ग्रॅम म्हणजे चौघांच्या घरात एक किलोचा पुडा ५० दिवस पुरायला हवा. तुमचा किती दिवस जातो, हे घरच्या बाईला विचारा. वर्षाच्या कांदा-लसूण चटणीत घातलेलं मीठ यात धरलेलं नसतं, खर्डा, लोणचं, पापडही नाही. कमी सोडियमचं मीठ मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांना किंवा टेल्मिसार्टन (बीपीची गोळी) चालू असलेल्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुचवू नका. त्यात पोटॅशियम असतं.

विभागातली शिस्त

इंटर्नची सामुदायिक वैद्यकशास्त्राची नेमणूक १२ आठवड्यांची, म्हणजे एकाच गावात तीन तारखा. ते गेले की ओळखही जाते. म्हणून बदलीच्या वेळी जुन्या आणि नव्या इंटर्नची किमान एक तारीख सामायिक ठेवा आणि एका पानाची नोंद द्या: "चुकले" पुठ्ठ्यातली नावं, कोणत्या गोळ्या तुटपुंज्या आहेत, आशाताईंची सोयीची वेळ. कुटुंब दत्तक उपक्रमातली एमबीबीएसची मुलं त्याच गावात जात असतील तर त्यांच्या घरांची आणि डब्यातल्या कार्डांची सांगड घाला. एका घरी एकाच आठवड्यात तीन वेगळे डॉक्टर बीपी मोजून गेले की चौथ्याला दार उघडत नाहीत.

गाडीची मागणी आठ दिवस आधी लेखी द्या, चालकांना निघायची वेळ आदल्या दिवशी सांगा. साडेसहाला गावात पोचायचं म्हणजे कोल्हापुरातून पाच-साडेपाचला निघायचं, हे त्यांना सकाळी कळून चालत नाही.

या नोंदींवर प्रबंध किंवा पेपर करायचा असेल तर नीतिशास्त्र समितीची परवानगी काम सुरू व्हायच्या आधी. उपचारासाठी दिलेली संमती अभ्यासाला चालत नाही. लेखकांची नावं आणि क्रमही सुरुवातीलाच कागदावर. नंतर त्यावरून विभागात जे तोंड फिरवणं सुरू होतं ते वर्षभर पुरतं.

पावसाळ्याआधी

पंचगंगेच्या काठची गावं असतील तर जूनच्या तारखेलाच दोन महिन्यांच्या गोळ्या द्या. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा पातळी आणि ४३ फूट धोका पातळी. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. गोळ्या आणि कार्ड जाड प्लास्टिकच्या पिशवीत, कार्डाचा फोटो घरातल्या एकाच्या मोबाइलवर, कार्डांचा डबा वरच्या मजल्यावर. इन्सुलिन घेणाऱ्यांची यादी वेगळी काढून एक प्रत आशाताईंकडे आणि एक वैद्यकीय अधिकाऱ्यांकडे द्या. निवारा केंद्रात फ्रीज नसेल तर वापरातली बाटली पिशवीत गुंडाळून ओल्या वाळूवर ठेवलेल्या मातीच्या भांड्यात, सावलीला; बर्फाला थेट टेकवायची नाही, गोठली की टाकून द्यावी लागते.