गावच्या नदीची वर्षभराची नोंद कशी ठेवावी

मराठवाड्यातील लहान नद्या वर्षाचे बरेच महिने कोरड्या असतात आणि गावकऱ्यांच्या लक्षात राहतो तो फक्त पूर. माझ्या मते मात्र नदी समजून घ्यायची असेल, तर पुराच्या तारखेइतकीच तिची धार तुटल्याची तारीख महत्त्वाची आहे, आणि ती तारीख कुठल्याच दप्तरात मिळत नाही. ती गावानेच लिहून ठेवावी लागते.

सुरुवात वैशाखात करावी, कारण तेव्हा पात्र उघडे असते. पुलापासून निघून उगमाच्या दिशेने चालत जावे आणि वाटेत मिळणारा प्रत्येक ओढा व ओघळ वहीत उतरवावा. काळा पाषाण उघडा पडला असेल, तर तेथे पाणी मुरत नाही. मुरूम किंवा मांजऱ्या (बारीक छिद्रांचा) खडक असेल, तर बहुधा मुरते. उगमाजवळ पोहोचल्यावर उतार नीट पाहावा. बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाचे पाणी एका अंगाने मांजरा किंवा सिंदफणेतून गोदावरीला जाते, तर दुसऱ्या अंगाने सीना किंवा बोरीतून भीमेला आणि पुढे कृष्णेला मिळते. आपले शिवार कोणत्या अंगाला आहे, हे वहीच्या पहिल्याच पानावर लिहावे.

त्यानंतर पुलाच्या खांबावर तळापासून दर दहा सेंटीमीटरला ऑइलपेंटने खूण करावी आणि मृग निघाल्यापासून रोज सकाळी एकाच वेळी पाण्याची पातळी व आदल्या दिवसाचा पाऊस शेजारी शेजारी लिहावा. या दोन रकान्यांतूनच सर्वांत जास्त शिकायला मिळते. उन्हाळ्यात भेगाळलेली काळी रानं पहिला पाऊस पिऊन टाकतात, त्यामुळे मृगाचा दमदार पाऊस होऊनही पात्र कोरडेच राहते. पण भेगा मिटून जमीन भरली, की उत्तरा किंवा हस्तातला तेवढाच पाऊस नदी दुथडी भरून नेतो. पुरात मोजमापासाठी पाण्यात मुळीच उतरू नये. पूर ओसरल्यावर काठावरील करंजाच्या आणि बाभळीच्या फांद्यांना अडकलेला काडीकचरा किती उंचीवर आहे ते मोजावे. त्यावरून पूररेषा समजते.

पाणी गुडघ्याखाली आले, की प्रवाह मोजता येतो. सरळ पात्राचा दहा मीटरचा तुकडा निवडून अर्धी भरलेली प्लास्टिकची बाटली वरच्या टोकाला सोडावी आणि खालच्या टोकाला पोहोचायला लागणारे सेकंद मोजावेत. समजा वीस सेकंद लागले, तर वरच्या पाण्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर झाला; तळाशी पाणी हळू वाहते, म्हणून त्याला 0.8 ने गुणावे. पात्र चार मीटर रुंद आणि सरासरी 0.3 मीटर खोल असेल, तर सेकंदाला साधारण 480 लिटर पाणी वाहते असे उत्तर येते. कोल्हापुरी बंधाऱ्याची दारे ज्या दिवशी बसतील, ती तारीखही अवश्य लिहावी, कारण त्यानंतर खांबावरची पातळी अडवलेल्या पाण्याची असते, वाहत्या पाण्याची नव्हे.

धार तुटली म्हणजे नोंद संपली असे नाही. नदी तेव्हा वाळूखाली आणि काठच्या विहिरींत असते. भूजल सर्वेक्षण विभाग निरीक्षण विहिरींची पातळी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरमध्ये मोजतो. आपणही निदान तेच महिने पाळावेत, म्हणजे तुलना करता येते. दोरीला वजन बांधून कठड्यावरील एकाच ठरलेल्या खुणेपासून मोजावे, आणि तेही पहाटे, मोटार सुरू होण्याआधी. पहिल्या वर्षी मी संध्याकाळी, तीन तास उपसा झालेल्या विहिरीत दोरी सोडली आणि पाणी एकाएकी खाली गेल्याचे लिहिले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते पुन्हा वर आलेले दिसले, तेव्हा त्या महिन्याची सारी पाने खोडावी लागली.

मे महिन्यात वाळूत झिरा खणावा आणि किती हातांवर ओल लागते, किती हातांवर पाणी साचते, हे दोन्ही लिहावे. कुठे खणायचे हे गावातील वयस्क बायकांना विचारावे; टंचाईच्या वर्षांत त्यांनीच वाटीने पाणी भरलेले असते. त्या जागेला त्या ज्या नावाने ओळखतात, तेच नाव नकाशावर लिहावे.