औषध कायद्याच्या मसुद्यावर सूचना पाठवताय? मग आधी हे बघा

औषध सुरक्षेच्या कायद्यात दुरुस्ती येणार असली की सरकार मसुदा टाकतं, हरकती-सूचना मागवतं आणि आपण लिहितो काय तर "कायदा कडक करा, दोषींना शिक्षा करा". असं पत्र वाचून कोणी काय करणार, नेमकं बदलायचं काय तेच त्यात नसतं.

मसुदा उघडला की तडक मंजुरीनंतरचा भाग शोधा. चाचणीत माणसं मोजकीच असतात, त्यामुळे क्वचित कोणाला होणारा त्रास बहुतेकदा औषध बाजारात आल्यावरच कळतो. तिथे बघायचं की सरकारला कंपनीला लेबल बदलायचा हुकूम देता येतो की नुसती विनंती. व्हायॉक्स या वेदनाशामक गोळीचं बघा ना, हार्टच्या धोक्याचे आकडे 2000 मध्ये समोर आले आणि लेबलवर यायला एप्रिल 2002 उजाडलं, कारण अमेरिकेच्या एफडीएला (औषधांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) तेव्हा कंपनीशी बोलणी करत बसावं लागायचं. 2004 ला कंपनीनेच औषध मागे घेतलं, आणि हुकमाचा अधिकार मिळाला तो 2007 च्या कायद्याने.

म्हणून सूचनेत कलम नंबर, आत्ताची ओळ आणि तिच्याजागी काय हवं एवढं लिहाच. "करू शकेल" दिसलं की "करणे बंधनकारक" मागा, "योग्य वेळेत" दिसलं की दिवस मागा (गंभीर, लेबलवर नसलेली रिअ‍ॅक्शन कळवायला अमेरिकेत कंपनीला 15 दिवस असतात).

व्याख्या पण वाचा, कंटाळा येतो पण खरी मेख तिथेच असते. 1937 ला अमेरिकेत सल्फानिलामाइड हे जंतुसंसर्गावरचं औषध डायइथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रवात विरघळवून विकलं, शंभरावर लोक गेले, त्यात बरीच लहान मुलं, आणि सरकारने ते जप्त केलं ते विषारी म्हणून नाही तर बाटलीवर एलिक्झिर (म्हणजे अल्कोहोल असलेलं पातळ औषध) लिहिलेलं आणि आत अल्कोहोल नाही म्हणून!! विकण्याआधी सुरक्षित असल्याचं दाखवा ही अट आली 1938 ला.

अजून एक, औषधाचा त्रास पेशंटला थेट कळवता येतो का तेही बघा. ब्रिटनचं यलो कार्ड, म्हणजे असा त्रास कळवायचा फॉर्म, 1964 ला सुरू झालं, आधी डॉक्टर लोकांसाठी, आता पेशंट स्वतः भरतो. मसुद्यात नसेल तर मागा.

स्वतःचा अनुभव जोडायचा तर औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं आणि त्रास कधी झाला, बास, रागाचे तीन पॅरा नकोत. शेवटच्या तारखेआधी पाठवा आणि पोच मागून घ्या.