ह्यूस्टनच्या दमट गॅरेजात बंदुकांची तिजोरी कोरडी कशी ठेवावी

बंदुकांना गंज लागतो तो ऑगस्टच्या उकाड्यात, असं ह्यूस्टनमध्ये नव्याने आलेल्यांना वाटतं. मला विचाराल तर जास्त धोक्याचा काळ जानेवारी ते मार्च. उत्तरेकडून थंडीची लाट येते, गॅरेज गारठतं आणि त्याबरोबर ७०० पौंडांची तिजोरीही गारठते. मग वारा फिरतो आणि मेक्सिकोच्या आखातावरची उबदार, ओली हवा परत येते. हवा बघता बघता ७० अंश फॅरनहाइटवर जाते, पण जमीन आणि तिजोरी अजून ५५ च्या आसपासच असतात. त्या दिवशी गॅरेजचं काँक्रीट काळपट ओलं दिसतं आणि तिजोरीच्या दाराला फ्रिजमधून काढलेल्या तांब्यासारखा घाम फुटतो.

मी मूळची चिपळूणची, आता ह्यूस्टनजवळच्या केटीत राहते, आणि पाइपलाइनचा गंज रोखणं हेच माझं रोजचं काम आहे. लेक ४-एच या मुलांच्या क्लबात मातीच्या तबकड्यांवर नेमबाजी करते. तिची २० गेजची शॉटगन आणि एक .२२ रायफल घरात आली तेव्हा तिजोरी कुठे ठेवायची हा प्रश्न पडला. घरातली एसीची कोरडी खोली केव्हाही उत्तम. तुमच्याकडे तशी जागा असेल तर गॅरेजचा विचारच करू नका. पण वजन, जिने आणि अरुंद दारं यांमुळे इथे बऱ्याच जणांची तिजोरी शेवटी गॅरेजातच येते. तिथेही ती कोरडी राहू शकते. फक्त एक गोष्ट पक्की समजून घ्यायला हवी: हवा किती ओली आहे याइतकंच पोलाद तिच्यापेक्षा किती थंड आहे, हेही पाहावं लागतं. हवेचा दवबिंदू, म्हणजे ज्या तापमानाला हवेतली वाफ पाणी होऊन बसते तो, ६६ आणि पोलाद ५५ वर असेल, तर पाणी धरणारच. पोलाद थोडं उबदार ठेवलं तर तीच हवा काही करू शकत नाही.

सुरुवात जमिनीपासून करा. काँक्रीट खालच्या मातीतली ओल शोषून वर सोडत राहतं. तुमच्या गॅरेजात हे किती होतंय ते बघायला पारदर्शक प्लास्टिकचा १८ इंची चौकोन चारही बाजूंनी टेपने जमिनीला चिकटवा आणि रात्रभर, निदान १६ तास, तसाच ठेवा. खालून थेंब दिसले किंवा काँक्रीट गडद झालं, तर ओल जमिनीतून येते आहे. निकाल काहीही लागो, तिजोरी थेट काँक्रीटवर ठेवू नका. चार कोपऱ्यांखाली आइस हॉकीचे पक, म्हणजे रबरी चकत्या, किंवा घोड्यांच्या तबेल्यात घालतात त्या पाऊण इंची रबरी मॅटचे तुकडे द्या, म्हणजे खालून हवा खेळेल. बरेच जण अंगणातल्या डेकसाठीचं रसायन मुरवलेलं लाकूड वापरतात. ते नको. त्यात तांब्याचे क्षार असतात, आणि ओलं तांबं पोलादाला लागलं की पोलाद गंजतं.

तिजोरी उचलली म्हणजे ती उलथण्याचा धोकाही वाढला, विशेषतः जड दार सताड उघडल्यावर. म्हणून ती बोल्टने जमिनीत आवळायला हवी, पण इथे टेक्सासमध्ये एक मोठा धोका आहे. आपल्या भागातल्या पुष्कळ घरांच्या स्लॅबमध्ये, म्हणजे जमिनीच्या काँक्रीटमध्ये, ताणलेल्या पोलादी केबल असतात. गॅरेजच्या दाराजवळ जमिनीवर बहुधा तसा शिक्का उमटवलेला असतो. हजारो पौंडांच्या ताणाखालची केबल ड्रिलने तुटली तर माणूस जखमी होतो आणि स्लॅबही दुबळा होतो. शिक्का असेल तर केबल कुठून जातात हे रडारने तपासून घेतल्याशिवाय ड्रिल लावू नका.

जागा निवडताना घराला लागून असलेला आतला कोपरा धरा, कारण तिथे तापमानाची चढउतार कमी असते. भिंतीपासून दोन-तीन इंच अंतर सोडा. वॉशिंग मशीन आणि पावसात भिजून येणारी गाडी यांच्यापासून लांब. आणि याकडे फार कमी लोक लक्ष देतात: पोहण्याच्या तलावाचं म्युरिॲटिक (हायड्रोक्लोरिक) ॲसिड आणि क्लोरीनच्या गोळ्या गॅरेजात असतील तर त्या आधी बाहेर काढा. बाटलीचं झाकण घट्ट असलं तरी वाफ झिरपते, आणि ती वाफ पोलादाचं जे करते ते निव्वळ दमट हवेला वर्षानुवर्षं जमणार नाही. मी कुणाच्या गॅरेजात गेले की आधी हीच फळी बघते.

आता आतली बाजू. गरम होणारा दांडा, इथे ज्याला सगळे गोल्डनरॉड म्हणतात, तो पहिल्याच दिवशी बसवा. तो पाणी शोषत नाही. आतली हवा आणि पोलाद काही अंश उबदार ठेवतो, एवढंच. पण तेवढं पुरतं: ६८ अंशांना ७० टक्के आर्द्रता असलेली हवा ७३ अंशांवर नेली की तिची आर्द्रता ६० च्या खाली येते. पोलादाचा गंज साधारण ६० टक्क्यांच्या वर झपाट्याने वाढतो, म्हणून हा फरक इतका मोलाचा. दांडा तळाशी आडवा लावा, म्हणजे गरम हवा आपोआप वर चढेल. त्याचा प्लग सुटा होतो, त्यामुळे वायर मागच्या भोकातून ओवता येते. उरलेली फट सिलिकॉनने बुजवा. दांड्यावर कापड किंवा काडतुसांचा डबा टेकू देऊ नका, आणि तो बारा महिने चालू ठेवा. वीज फार थोडी लागते.

सिलिका जेल दांड्याच्या जोडीला हवं, त्याच्या जागी नाही. थंडीनंतर ओली हवा परतते त्या दिवशी दारांच्या फटींतून जी थोडी आत शिरते, ती शोषणं हे त्याचं काम. रंग बदलणारे दाणे घ्या, आणि रंग बदलला की ओव्हनमध्ये २५० अंश फॅरनहाइटवर दोन-तीन तास तापवून पुन्हा वापरा. कपाटातला वास घालवायला मिळणारे कॅल्शियम क्लोराइडचे डबे मात्र तिजोरीत कधीही ठेवू नका. ते हवेतलं पाणी ओढून खाली खारट द्रव साठवतात. तो सांडला तर बंदुकीवर मिठाचं पाणी ओतल्यासारखंच होईल.

नवी तिजोरी पहिले काही आठवडे जास्त ओली वाटते, त्याने घाबरू नका. आगीपासून बचावासाठी तिच्या भिंतीत जिप्समचे बोर्ड असतात, आणि ते व आतला गालिचा बाहेरची ओल धरून ठेवतात. दांडा लावून, बंदुका न ठेवता, दार बंद करून तिला वाळू द्या. आर्द्रतामापक आत ठेवा. आधी तो खरा आहे का ते पाहा: बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन थेंब-थेंब पाण्याने ते चिखलासारखं करा, मापकासोबत बंद पिशवीत ठेवा. काही तासांनी आकडा ७५ च्या आसपास यायला हवा. जितका फरक, तितका नंतर वजा-जमा करायचा. तिजोरीत ४५ ते ५० टक्के असावेत असं मी धरते. त्याहून फार खाली गेलं की अक्रोडाचा दस्ता आक्रसतो, त्याला चीर जाऊ शकते.

गॅरेजभर डिह्युमिडिफायर लावावा का, हे सगळे विचारतात. दाराच्या खालची रबरी पट्टी फाटकी असेल आणि दार दिवसातून दहादा उघडत असेल, तर तुम्ही अख्ख्या केटीची हवा सुकवायला बसलात. पैसे दांड्यावर आणि पट्टीवर घाला.

बंदूक ठेवतानाची शिस्त या सगळ्याइतकीच महत्त्वाची. हाताच्या घामातलं मीठ पोलादावर बोटांचे ठसे गंजाने उमटवतं, म्हणून शेवटचा स्पर्श तेलकट फडक्याचा असावा. बॅलिस्टॉल किंवा सीएलपी ही बंदुकीची तेलं चालतील. डब्ल्यूडी-४० पाणी हटवायला ठीक, पण महिनोन्‌महिने राखण करायला नाही. फोमच्या पेटीत किंवा चामड्याच्या खोळीत बंदूक साठवू नका, दोन्ही ओल धरतात. बंदुकीवर चढवायचा, सिलिकॉन लावलेला विणलेला मोजा चांगला. उन्हाळ्यात एसीच्या गाडीतून आणलेली बंदूक थंड असते, गॅरेजात पेटी उघडली की तिला लगेच घाम येतो. पेटी बंदच ठेवून तिच्याजवळ थांबा. बंदूक बाहेरच्या हवेइतकी उबदार झाली की काढा, पुसा आणि आत ठेवा. थंडीनंतरच्या त्या ओल्या दिवसांत तर तिजोरी उघडूच नका.

वारा लागावा म्हणून दार उघडं सोडायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. आत हवा तितकीच ओली जाते, आणि घरात मुलं आहेत. टेक्सासच्या कायद्यात निष्काळजीपणे ठेवलेली भरलेली बंदूक १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती लागली तर तो ठेवणाऱ्याचा गुन्हा आहे, पण कायदा नसता तरी मी हेच सांगितलं असतं. काडतुसं रबरी सील असलेल्या धातूच्या डब्यात, सिलिकाच्या पुडीसह, वेगळी कुलपात ठेवा.

पुराचं बोलायलाच हवं. २०१७ च्या ऑगस्टमध्ये हार्वी चक्रीवादळाचं पाणी इथल्या असंख्य गॅरेजांत शिरलं. आगीला टिकणारी तिजोरी पाण्याला टिकतेच असं नाही. तिजोरीच्या दाराची पट्टी उष्णतेने फुगते, पुराच्या पाण्याने नव्हे. वादळाचा इशारा आला की बंदुका कुलूपबंद पेट्यांत घालून घरात वर न्या. पाणी आत गेलंच, तर ओसरल्यावर त्याच दिवशी बंदुका रिकाम्या आहेत याची खात्री करून, सुट्या करून स्वच्छ पाण्याने धुवा, वाळवा, तेल लावा. दुसऱ्या दिवसावर टाकू नका. प्रत्येक बंदुकीचा अनुक्रमांक आणि फोटो घरात किंवा क्लाउडवर ठेवा. तिजोरीतल्या कागदावर लिहिलेली यादी विम्याच्या दाव्यावेळी तिजोरीबरोबरच भिजलेली असते.