आधी रिम मोज, मग टायर घे

दिवाळीत भाच्यानं सायकल घेतली आणि आठवडा व्हायच्या आत फोन केला. "मामा, दोन पॉइंट सहाचा टायर टाकू का? एकदम बुलेटवानी दिसतंय बघा."

"रिम केवढी हाय?"

"बत्तीस भोकाची."

"आरं, भोकं नाय इचारली. रुंदी सांग."

गडी गप्प. दुकानात टायर दाखवतात, किंमत सांगतात, टायरवरची रबरी बटणं केवढी मोठी ते दाखवतात. पण टायर ज्याच्यावर बसणार त्या रिमचं माप कुणी विचारत नाही. माझा जन्म साताऱ्याच्या एमआयडीसीत लेथवर गेला. माप न घेता जॉब लावायचा म्हटलं की पोटात गोळा येतो. म्हणून भाच्याला सायकल घेऊन घरी बोलावलं आणि हातात व्हर्नियर, म्हणजे मिलिमीटरमध्ये माप घ्यायचं हत्यार, दिला.

मापायचं कुठं, इथंच निम्मे लोक चुकतात. टायर-ट्यूब काढायची. रिमच्या दोन भिंती दिसतात, वर आतल्या बाजूला वळलेल्या. व्हर्नियरची आतली टोकं त्या दोन वळणांच्या मधे टेकवायची. तीच रिमची खरी रुंदी. बाहेरून मापलं की भिंतींची जाडी त्यात येते आणि आकडा चार-पाच मिलिमीटरनं फुगतो. भाच्यानं बाहेरून मापली तेव्हा २४ आली, आतून १९. पुष्कळ रिमांवर हे लिहिलेलंही असतं: 622x19 असं काहीतरी. मागचा आकडा आतली रुंदी.

आता १९ मिलिमीटरच्या रिमवर २.६ इंचाचा टायर चढतो का? चढतो, तीच तर गंमत आहे. मी स्वतः १९ च्या रिमवर २.४ चा चढवला होता. टायर वर फुगलेला आणि खाली मान आवळलेली, मडक्यासारखा. यवतेश्वरच्या वरच्या अंगाला एक मुरमाड उतार आहे, त्यावर डावीकडं वळताना पुढचा टायर रिमवरच आडवा लवंडला आणि मी बांधाच्या कडेला जाऊन पडलो. कोपराची खूण अजून आहे. पुढच्या रविवारी टायर लवंडू नये म्हणून हवा ठासून चाळीस पीएसआय भरली. मग टायर दगडावर चेंडूसारखा उडायला लागला. म्हणजे रुंद टायर ज्यासाठी घेतला, तेच गेलं.

तेव्हापासून माझा हिशेब असा. आतली रुंदी १९ असेल तर २.१, फार तर २.२५. २५ ची रिम असेल तर २.२५ ते २.४ निवांत. ३० च्या रिमवर २.३५ पासून २.६ पर्यंत. उलटीकडं पण चूक होते बरं का. अरुंद टायर फार रुंद रिमवर बसवला की तो चपटा होतो, कडेची बटणं भलतीकडं वळतात आणि साइडवॉल, म्हणजे टायरची बाजूची पातळ भिंत, दगडाच्या पुढ्यात उघडी पडते.

व्यासाचा घोळ निराळा. टायरवर 57-622 असं छापलेलं असतं. ५७ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, म्हणजे सव्वादोन इंच. ६२२ हा टायरची कडा रिमवर जिथं बसते तिथला व्यास. एकोणतीस इंची चाकाच्या सायकलीला ६२२, साडेसत्तावीसला ५८४, जुन्या सव्वीसला ५५९. इंचाच्या नावात गोंधळ होतो, या आकड्यात होत नाही. दुकानात हाच आकडा सांगा. आणि जाड टायर घेण्याआधी फ्रेमच्या मागच्या दांड्यांमधली जागा बघा. टायर बसल्यावर दोन्ही बाजूंनी करंगळी सहज गेली पाहिजे, नाहीतर पहिल्या पावसात चिखल अडकून चाक जाम.

बटणांचं म्हणाल तर आपल्याकडं एकाच फेरीत तीन जमिनी लागतात. कडक जमिनीवर भुरभुरीत मुरूम, मधेच काळा कातळ, आणि पूर्वेला किंवा कृष्णाकाठी उतरलात की काळी माती. मुरमावर सगळा खेळ कडेच्या बटणांचा. मधली नक्षी केवढीही खोल असो, वळताना सायकल झुकली की जमिनीत रुतायला कडेचीच बटणं लागतात. म्हणून पुढचा टायर निवडताना मी त्याचं कडेचं बटण अंगठ्यानं ढकलून बघतो. बटण मुळातून हललं तर ते वळणावर दगा देणार.

पुढचा आणि मागचा टायर सारखाच हवा, असं काही नाही. मागचं चाक घसरलं तर सावरता येतं, पुढचं घसरलं तर तुम्ही जमिनीवर. म्हणून पुढं रुंद, मोकळ्या बटणांचा, मऊ रबराचा. मागं थोडा अरुंद, मधली बटणं जवळजवळ असलेला आणि कडक रबराचा, कारण चढाला जोर मागच्यावर येतो आणि मऊ रबर लवकर झिजतं. पैसे एकाच चांगल्या टायरपुरते असतील तर तो पुढं टाका. बसवताना बाजूचा बाण फिरण्याच्या दिशेनं आहे ना, तेवढं बघा.

काळ्या मातीला टायर नाही. सांगलीकडचे मित्र ओल्या रानात सायकल खांद्यावर घेतात आणि तेच बरोबर आहे. (कासच्या पठारावर तर फुलांच्या दिवसांत कुठलाच टायर नको, डांबरी सोडू नका.)

काट्यांसाठी मात्र इलाज आहे. माण-खटावकडं गेलात की बाभूळ आणि सराटे. सराटा कसाही पडला तरी एक टोक वरच ठेवतो. दहिवडीजवळ एकदा मागच्या टायरमधून अकरा काटे काढले, चिमट्यानं, एका झाडाखाली बसून. ट्यूब चाळणी झालेली. तिथून ट्यूबलेसकडं वळलो.

ट्यूबलेसला टायर आणि रिम दोन्ही त्यासाठीचेच पाहिजेत. रिमच्या आत टेप भिंतीपासून भिंतीपर्यंत ताणून, फुगा न राहता बसली पाहिजे. मी आतल्या रुंदीपेक्षा दोन-तीन मिलिमीटर रुंद टेप घेतो. हवा गळते ती बहुतेक वेळा टेपमधूनच. एकोणतीसच्या टायरला साधारण १०० मिली सीलंट, म्हणजे काट्याचं भोक आतून बुजवणारं पातळ द्रव. टायर कडेला बसेना तर कडांना साबणाचं पाणी लावा, वॉल्व्हची आतली सुई काढा आणि कॉम्प्रेसरनं एकदम हवा सोडा. बारीक नळीचा वॉल्व्ह असेल तर पंक्चरवाल्याकडं जाताना अडॅप्टर खिशात ठेवा. टायरवर आणि रिमवर लिहिलेल्या कमाल दाबाच्या वर मात्र जाऊ देऊ नका, पंक्चरवाल्याचा हात ट्रकच्या सवयीचा असतो.

नवी रिम घ्यायची वेळ आली तर आऱ्यांच्या भोकांची संख्या हबला, म्हणजे चाकाच्या मधल्या तुंब्याला, जुळली पाहिजे (भाच्याचं उत्तर इथं उपयोगी पडलं), आणि रिम बदलली की आऱ्यांची लांबी परत मोजून घ्यावी लागते. दुहेरी भिंतीची अल्युमिनियमची रिम घ्या. ती दगडावर आपटून वाकली तर बहुतेक वेळा पान्यानं सरळ करता येते. कार्बन हलकी असते, पण तडकली की फेकायची.

शेवटी हवा. माझं वजन ८२ किलो. २.३५ चे टायर, ट्यूबलेस, पुढं २२ पीएसआय, मागं २५. ट्यूब होती तेव्हा पाच-सहा जास्त भरायचो, नाहीतर दगड आणि रिमच्या कचाट्यात ट्यूब सापडून सापाच्या दातांसारखी दोन भोकं पडायची. तुमचा आकडा तुम्हीच शोधा. ओळखीच्या एकाच उतारावर दर फेरीला दोन-दोन पीएसआय कमी करत जा. रिमचा दगडावर 'ठक' आवाज आला किंवा वळणावर टायर लवंडल्यासारखा वाटला, की दोन वाढवा आणि तिथंच थांबा. भाच्याचं वजन ६१, त्याचा आकडा पुढं १८ वर आला. तो आम्ही वर्कशॉपच्या दाराच्या मागं खडूनं लिहून ठेवलाय, माझ्या आकड्याच्या खाली.

उन्हाळ्यात सीलंट लवकर आटतं. दोन महिन्यांनी चाक काढून कानाशी धरून हलवा. आत खळखळ आली नाही तर सीलंट घाला, मगच निघा.