बालेवाडीला सरावाला येताय? वही एकच ठेवा

आमच्या माण तालुक्यात पळायचं ग्राउंड म्हणजे डांबरी रस्त्याची कड. पोलीस भरतीची मुलं पहाटे सोळाशे मीटर मारायची, त्यांच्या मागून मी आठशे. २०१६ साली मोहीच्या ललिता बाबर रिओ ऑलिंपिकमध्ये ३००० मीटर स्टीपलचेसच्या, म्हणजे अडथळ्यांच्या शर्यतीच्या फायनलला उतरल्या, दहाव्या आल्या. तेव्हापासून घरी पळण्याला कुणी नाही म्हटलं नाही. बारावीनंतर पुण्यात कॉलेजला प्रवेश घेतला आणि पुढे बालेवाडीच्या क्रीडा संकुलात सराव सुरू केला.

हे संकुल १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलं, २०१३ ची आशियाई अॅथलेटिक्स स्पर्धाही इथेच झाली. सिंथेटिक ट्रॅकचं कौतुक तुम्ही ऐकलेलंच असेल. पण मला विचाराल तर खरी चैन वेगळी आहे. ट्रॅक, जिम, कोच, फिजिओ सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. त्याआधी माझं ग्राउंड शहराच्या एका टोकाला आणि जिम दुसऱ्या टोकाला होती. रोजचे दोन तास बसमध्ये जायचे आणि ते झोपेतूनच कापले जायचे. शिवाय शेजारच्या लेनमध्ये तुमच्यापेक्षा वेगवान मुलगी असते. गावात मी कायम पहिली यायचे, इथे पहिल्याच रेपिटेशनला (ठरावीक अंतर थांबून थांबून पुन्हा पुन्हा पळायचं, त्यातली एक फेरी) शेवटची आले. महिनाभर रात्री रडले. तुम्हीही रडाल, आणि त्यात काही बिघडलेलं नसतं.

आता मी जिथे फसले ते नीट वाचा.

कॉलेजच्या स्पोर्ट्स सरांना टीमची मुलं सकाळी सहाला कॉलेजच्या ग्राउंडवर हवी असायची. हजेरीच्या सवलतीच्या अर्जावर त्यांची सही लागायची, त्यामुळे नाही म्हणायची हिंमत नव्हती. संध्याकाळी बालेवाडीच्या सेंटरवर कोचचं वेगळं शेड्यूल. कॉलेजच्या सरांना वाटायचं, पोरगी संध्याकाळी हलकं पळते. सेंटरच्या सरांना वाटायचं, सकाळी नुसता वॉर्मअप होतो. मी दोघांसाठी दोन वह्या ठेवल्या होत्या. मंगळवारी सकाळी चारशेच्या आठ रेपिटेशन आणि त्याच संध्याकाळी सहाशेच्या पाच, असंही झालंय. कॉलेजची सुट्टी रविवारी, सेंटरची गुरुवारी. दोन्ही वह्यांत विश्रांतीचा दिवस होता, माझ्या पायांना एकही नव्हता. बोलले तर दोघांपैकी एकजण टीममधून काढेल, ही भीती होती. म्हणून गप्प राहिले.

पाच महिन्यांनी डाव्या नडगीत दुखायला लागलं. नडगीच्या कडेने लांबवर दुखणं आपल्या सगळ्यांना होतं, हे तसं नव्हतं. एकाच जागी, बोटाच्या टोकाने दाखवता येईल असं, आणि रात्री झोपेतही. एक्स-रे काढला, त्यात काही दिसलं नाही. मी खूश होऊन आणखी तीन आठवडे पळले. स्ट्रेस फ्रॅक्चर, म्हणजे सततच्या ताणाने हाडाला पडलेली बारीक चीर, सुरुवातीला एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, हे मला एमआरआयनंतर कळलं. आंतरविद्यापीठ स्पर्धा गेली. अकरा आठवडे ट्रॅकच्या बाहेर बसले.

पोरींनो, आणखी एक. त्याआधी तीन महिने माझी पाळी आली नव्हती. स्पर्धांच्या दिवसांत बरंच झालं, असं मला वाटलं होतं. ते बरं नसतं. पळण्याच्या मानाने खाणं कमी पडलं की शरीर पाळी थांबवतं, आणि मग हाडंही कमजोर होतात. फिजिओ पुरुष असला तरी सांगा. जीभ रेटत नसेल तर लिहून द्या, पण लपवू नका.

म्हणून पहिल्याच आठवड्यात एक काम करा. मुख्य कोच कोण ते ठरवा आणि त्यांनाच कॉलेजच्या सरांना फोन करायला लावा. आपण मध्ये निरोप्या व्हायचं नाही. वही एकच ठेवा: सकाळ-संध्याकाळ मिळून किती पळालो, किती झोपलो, कुठे दुखलं, पाळी कधी आली. तीच वही दोघांना दाखवा. सर चिडले तर चिडू देत. त्यांचा राग आठ दिवसांत उतरतो, हाड तेवढ्यात जुळत नाही.

कोच निवडताना भिंतीवरच्या मेडलवाल्यांच्या फोटोंना भुलू नका. तुम्ही काल काय केलं ते ज्याच्या लक्षात असतं, तो कोच धरा. आणि जिममधल्या कुणा दादाने दिलेला पावडरचा डबा घेऊच नका. डोप टेस्टमध्ये काही सापडलं तर ते शरीरात कसं आलं याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते, दादाला कुणी विचारायला जात नाही.

दुखापत होऊन बसलेलं कुणी हे वाचत असेल, तर घाबरू नका, हाड भरतं. मी आधी नुसती चालले, मग पाण्यात पळाले, मग एक मिनिट जॉगिंग आणि एक मिनिट चालणं. फिजिओ आणि कोच एकाच ठिकाणी असल्याचं मोल मला तेव्हा कळलं. आज किती वाढवायचं हे दोघं ट्रॅकच्या कडेला उभं राहून ठरवायचे. पुढच्या सीझनला मी माझं जुनं टायमिंग मोडलं.

आणि जेवणाचं बघा. संध्याकाळचा सराव, कूलडाउन, स्ट्रेचिंग होईपर्यंत मेसमधली भाजी संपलेली असते आणि पोरी बिस्किटांवर झोपतात. मीही झोपलेय. मेसच्या मावशींना पहिल्याच दिवशी सांगून ठेवा, त्या डबा बाजूला काढून ठेवतात.